ओठ मोजायचा नाही

आमच्या सोसायटीत सध्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं खूळ आहे. मागच्या भिंतीलगत विटांचा हौद बांधलाय, त्यात गांडुळं सोडली आहेत आणि रविवारी सकाळी आयटीतली तरणीताठी मुलं हातमोजे चढवून हौदात डोकावत उभी असतात. परवा त्यातल्या एकाने गांडूळ उचललं आणि बायकोला म्हणाला, "हे हेड आहे, आय थिंक." शेपूट होतं ते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, उलटं धरलंय तुम्ही त्याला. तो फिकट, जाडसर पट्टा दिसतोय ना, तो ज्या टोकाच्या जवळ, ते तोंड. शंका असेल तर बोट फिरवून बघा. शेपटीकडून तोंडाकडे नेलंत तर खरखर लागेल, तोंडाकडून शेपटीकडे नेलंत तर गुळगुळीत." त्याने हातमोजा काढून बोट फिरवलं आणि लहान मुलासारखा खूश झाला. "काकू, तुम्ही बायोच्या प्रोफेसर होता का?" मी म्हटलं, "नाही, बँकेत होते." मग बँकेतल्या बाईला हे कसं ठाऊक, असं त्याने विचारायच्या आत मी वर आले. ते उभ्या-उभ्या सांगण्यासारखं नाही. इथे बसून सांगते.

आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत, एका गल्लीत आतल्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. अडीच खोल्या. अर्धी म्हणजे स्वयंपाकघर, आणि घरातला सगळा कारभार त्या अर्ध्या खोलीतच चालायचा. आई खानावळ चालवायची. खानावळ म्हटलं की लोकांना पाटी आणि बाकं डोळ्यांपुढे येतात. आमच्याकडे पाटी नव्हती. शिकायला आलेली, खोल्या घेऊन राहणारी चार-पाच मुलं दोन्ही वेळा जेवायला यायची, भिंतीला टेकून ओळीने बसायची आणि हात धुऊन जायची. पहाटे नळ यायचा तो आधी फुसफुसायचा, मग खोकायचा, मग एकदम बादलीत कोसळायचा. बाबा म्हणायचे, "जपून वापरा. खडकवासल्याहून चालत आलंय ते, दमलंय." त्यानंतर स्टोला पंप मारल्याचा आवाज, मग पोळपाटाचा ठकठकाट. शेजारच्या बाईंची पेटी साडेनऊला सुरू व्हायची आणि रोज एकाच ठिकाणी अडायची. आईच्या आमटीला चिंच-गुळाचा असा वास यायचा की खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यातूनच विचारायचे, "आज तुरीची का?" वऱ्हाडातून आलेल्या मुलांना ती आमटी आधी गोड लागायची, ती तोंड वाकडं करायची. महिनाभरात तीच मुलं वाटी पुढे सरकवायची. आई त्यांच्यासाठी वेगळा ठेचा करून ठेवायची, तो मात्र आमच्यापैकी कुणाला सोसायचा नाही.

बाबा एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत अधीक्षक होते. उंच, सडपातळ, धोतरावर कोट. त्यांचा एकच अभिमान होता, की मी कुणावर अन्याय करत नाही. आमच्या घरात हट्ट चालायचा नाही, रडणं चालायचं नाही, लाडीगोडी तर मुळीच नाही. चालायची ती परीक्षा. सायकल हवी? उतरलेली साखळी बसवून दाखव. सिंहगडावर मैत्रिणींबरोबर जायचंय? कुठली बस, पायथ्यापासून वाट कशी, पाऊस आला तर थांबायचं कुठे, सगळं न अडखळता सांग. तीन प्रश्न, तिन्ही बरोबर आले पाहिजेत, आणि परीक्षक बाबा स्वतः कधी व्हायचे नाहीत. "आपल्या मुलांना आपण तपासायचं नसतं," असं म्हणून ते त्या-त्या विषयातला माणूस बोलवायचे. साखळीच्या वेळी कोपऱ्यावरचे सायकलवाले आले होते. त्यांना चहा मिळाला आणि मला सायकल. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, काय गं तुझे बाबा, सरळ हो किंवा नाही म्हणत नाहीत. मला उलट वाटायचं की यांच्या वडिलांचं काही खरं नाही, आज हो म्हणतील, उद्या नाही. माझ्या वडिलांचं मन वळवावं लागत नाही, तयारी करावी लागते. मला बाबांचा फार विश्वास वाटायचा. देवाचा वाटायचा नाही इतका.

एकदाच परीक्षा झाली नव्हती, माझ्या थोरल्या भावाच्या वेळी. श्रीकांतला आम्ही दादाच म्हणायचो. दादा दहावी झाल्यावर सायन्सला गेला तेव्हा मी विचारलं होतं, "बाबा, दादाची परीक्षा?" बाबा म्हणाले, "मुलगा आहे. त्याला काहीतरी करायलाच हवं. त्यात परीक्षा कसली?" तेव्हा मला ते पटलं होतं, लाज वाटते सांगायला. दादा अकरावीत गटांगळ्या खाऊ लागला, बारावीला आडवा झाला आणि मुकाट्याने कॉमर्सला गेला. त्याची सायन्सची पुस्तकं फडताळात वरच्या फळीवर गेली. त्यांच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. बाबा तर त्या फडताळाकडे बघायचेही टाळायचे.

आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. हे मी दहावीची परीक्षा देऊन आल्याच्या संध्याकाळी जेवताना सांगितलं. बाबांनी ताकाचा घोट घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे. निकालाच्या आधी परीक्षा घेऊ. विषय जीवशास्त्र. परीक्षक वानखडे." पंगतीत बसलेले वानखडे सर दचकले.

वानखडे सर यवतमाळकडचे. प्राणिशास्त्रात एमएस्सी करत होते, म्हणून खानावळीतली बाकीची मुलं त्यांना सर म्हणायची, तसंच आम्हीही. काळेसावळे, ठेंगणे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोलायला लाजायचे, कारण तोंड उघडलं की वऱ्हाडी यायची आणि आमच्या पेठेत कुणी ना कुणी गालात हसायचंच. बाबांसमोर तर ते एकेक शब्द इस्त्री करून बोलायचे. पण माझी परीक्षा घ्यायची तर आधी मला शिकवायला हवं, असं ते स्वतःच म्हणाले आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी तासभर लवकर यायला लागले. पहिल्याच दिवशी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओली माती आणि त्यात गांडुळं घेऊन आले, कालव्याच्या काठची. आईने डबा बघितला आणि म्हणाली, "हा आता माझ्या स्वयंपाकघरात परत यायचा नाही." सर म्हणाले, "नाही काकू, ह्यो आता त्याहिचंच घर." आणि स्वतःच हसले.

ओल्या वर्तमानपत्रावर ते गांडूळ सोडायचे आणि आम्ही दोघं पोटावर पालथे पडून बघायचो. मला आधी किळस आली होती, खोटं कशाला बोलू? दोनचार दिवसांत गेली. सर म्हणायचे, कापाचं मंग पाहू, आधी वरून तर नीट पाय. वरून बघण्यासारखं इतकं असेल असं मला वाटलं नव्हतं. आपण ज्याला एक दोरीसारखा किडा म्हणतो, तो शंभरावर कड्यांचा बनलेला असतो, एकेक कडं म्हणजे एक खंड. पाठ काळपट आणि पोट फिकट, आणि पाठीवरून मधोमध एक गडद रेघ जाते ती आतल्या रक्तवाहिनीची, कातडीतून दिसते. डोळे नाहीत, कान नाहीत, नाक नाही, फुप्फुसं नाहीत. सगळा श्वास ओल्या कातडीतून. "म्हणून वाळलं की मरते," सर म्हणायचे आणि लगेच बोटांनी पाणी शिंपडायचे. प्रत्येक खंडावर बांगडीसारखे बारीक ताठ केस, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला लागतात. त्यांच्या जोरावर ते माती धरतं. पहिल्या खंडावर आणि शेवटच्या खंडावर ते केस नसतात आणि पट्ट्यावर नसतात. पट्ट्याला सर क्लायटेलम म्हणायचे, मी पट्टा म्हणायचे, आणि शेवटी तेही पट्टाच म्हणायला लागले. पोटाच्या बाजूने भिंगातून पाहिलं तर पट्ट्याच्या पहिल्याच खंडावर मधोमध एक टिंब, ते मादीचं छिद्र. पट्टा संपल्यावर एक खंड सोडून पुढच्यावर दोन टिंबं, ती नराची. एकाच जिवात दोन्ही. हे सांगताना सर खिडकीबाहेर बघायचे आणि आई पोळी लाटता लाटता थांबायची.

मोजायचं कसं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि ते असं सांगितलं की जन्मात विसरले नाही. गांडुळाच्या अगदी पुढच्या टोकाला, तोंडावर छपरासारखा एक मांसल लोंबता भाग असतो. बघणाऱ्याला वाटतं, हाच पहिला खंड. सर एकदम उठून बसले. बाहेर दादा होता, आत आई होती, तरी त्यांची इस्त्री मोडली. "हे पाय उषा, हे जे पुढं लोंबून राह्यलं ना, ह्यो खंड नाही. ह्यो निस्ता ओठ आहे. ओठ मोजाचा नाही! ज्याच्यात तोंड, तो पहिला. तिथून एक म्हनाचं. आमच्या वर्गातली अर्धी पोरं इथंच मरतात. ओठ मोजला की सारं एकानं सरकते. मंग पट्टा पंधरा ते सतरा येते. तो असते चौदा ते सोळा. समजलं का तुले?" मी म्हटलं, समजलं. त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं. ओठ मोजायचा नाही, चौदा ते सोळा. ओठ मोजायचा नाही, चौदा ते सोळा. आतून आईचं लाटणं त्या तालावर चाललं होतं असं मला आज वाटतं, पण तेवढं कदाचित मीच मागाहून जोडलं असेल.

त्या उन्हाळ्याइतकी सुखी मी पुढे कधी नव्हते. लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हासुद्धा नाही, म्हणजे सुख होतं पण त्यात काळजी मिसळलेली होती. या सुखात काळजी नव्हती. दुपारी मी क्रोशाची सुई घेऊन गांडुळाची कडी मोजत बसायचे, संध्याकाळी सर तपासायचे, आणि पानावर बसल्यावर बाबांना सांगायचे, "काका, उषाची नजर चांगली आहे. आमच्या वर्गातल्या मुलांपेक्षा चांगली." बाबा म्हणायचे, "परीक्षेत दिसेलच." मला ते ऐकूनही आनंद व्हायचा. परीक्षेत दिसेलच!

परीक्षा रविवारी सकाळी झाली. आईने पोहे केले होते, वर ओलं खोबरं. मग बाबांनी मधली खोली झाडून घ्यायला लावली. सरांनी कॉलेजातून काचेच्या बरणीत औषधात ठेवलेलं मोठं गांडूळ आणलं होतं, कारण जिवंत गांडूळ स्वस्थ बसत नाही. त्याच्या त्या उग्र वासाने माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आईने परात द्यायला साफ नकार दिला. शेवटी इनॅमलची पांढरी थाळी पुढे आली, कडेला टवका गेलेली. बाबा आरामखुर्चीत, सर सतरंजीवर माझ्या समोर, दादा खिडकीत वर्तमानपत्र घेऊन, आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. सर नवा शर्ट घालून आले होते. मला वाटलं, माझ्यासाठी.

"पहिला प्रश्न," बाबा म्हणाले. "तोंड कुठलं?" मी सांगितलं, पट्टा कुठल्या टोकाला जवळ आहे ते दाखवलं, वर बोट फिरवून खरखर कुठे लागते तेही सांगितलं. बाबांनी सरांकडे पाहिलं. "बरोबर," सर म्हणाले. "दुसरा प्रश्न. पोट कुठलं आणि पाठ कुठली?" मी पाठीवरची गडद रेघ दाखवली, थाळीतलं गांडूळ सुईने उलटं केलं आणि पोटावरची टिंबं भिंगाखाली दाखवली. "बरोबर." माझे कान गरम झाले होते. मला वाटलं, झालं, आता मी डॉक्टर होणार. "तिसरा आणि शेवटचा. हा पट्टा कितव्या खंडापासून कितव्या खंडापर्यंत?" मला हसूच आलं. मी सुई हातात घेतली, ओठ सोडला, तोंडाच्या कड्यावर टेकवली आणि मोठ्याने मोजत गेले. एक, दोन, तीन. तेराव्याला पट्ट्याची कड आली. "चौदा ते सोळा."

बाबा म्हणाले, "काय हो वानखडे?"

सरांनी चष्मा वर सरकवला. माझ्याकडे पाहिलं नाही. थाळीकडेही पाहिलं नाही. "नाही," ते म्हणाले. "उत्तर चुकीचे आहे. पट्टा पंधराव्या ते सतराव्या खंडांवर असतो. अगदी पुढचा भाग मोजायचा राहिला."

इतकं शुद्ध बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मला पहिल्यांदा वाटलं, सर गोंधळले. बाबांपुढे त्यांचं नेहमीच असं व्हायचं. मी त्यांना सांभाळून घेतल्यासारखं म्हटलं, "सर, तो ओठ आहे ना. तुम्हीच सांगितलंत, ओठ मोजायचा नाही." सर म्हणाले, "मी असे म्हटल्याचे मला स्मरत नाही." मी दादाकडे पाहिलं. दादाने हेच प्रकरण वर्षभर घोकलं होतं, गांडुळाच्या आकृतीवर त्याला एकदा शेरासुद्धा मिळाला होता. दादाचं वर्तमानपत्र जागचं हललं नाही. मी म्हटलं, "पुस्तक बघू या. दादाचं पुस्तक वर आहे." बाबा म्हणाले, "पुस्तक काढून उत्तर द्यायचं तर परीक्षा कशाला? आणि उषे, परीक्षकाशी हुज्जत घालायची नसते. तीनपैकी दोन. चांगला प्रयत्न होता. पण नियम तुला ठाऊक आहे." मी दाराकडे वळून म्हटलं, "आई!" आई म्हणाली, "मी कुकर लावते," आणि आत गेली.

मी रडले नाही. आमच्याकडे रडणं चालत नव्हतं हे सांगितलंच. मी थाळी उचलली, गांडूळ बरणीत परत घातलं, थाळी राखेने घासली. हात धुतले तरी वास जाईना. सर त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

दुपारी आई गच्चीवर साबुदाण्याच्या चिकवड्या घालत होती आणि मी कावळ्यांना हाकलायला काठी घेऊन बसले होते. ऊन असं की प्लास्टिकला हात लावला तर चटका बसावा. मग मी विचारलं, "आई, सर शिकवायचे ते तुला आत ऐकू यायचं ना?"

"यायचं."

"ओठ मोजायचा की नाही?"

आईने पळी पातेल्यात ठेवली. पदराने कपाळ पुसलं. "नाही मोजायचा," ती म्हणाली. "चौदा ते सोळा. मलासुद्धा पाठ झालं होतं."

"मग तू बोलली का नाहीस? मी हाक मारली होती तुला."

"बोलून काय झालं असतं? त्यांचं गुरुवारीच ठरलं होतं." आणि मग तिने, खाली बघत, चिकवड्या घालत घालत मला सगळं सांगितलं. संस्थेच्या कॉलेजात प्रात्यक्षिकं घ्यायची जागा निघणार होती. सरांनी अर्ज केला होता. बाबांच्या शब्दाला तिथे वजन होतं. गुरुवारी जेवण झाल्यावर बाबा सरांना जिन्यापर्यंत सोडायला गेले, आई उष्टं काढत होती, दार उघडंच होतं. "ते म्हणाले, पहिली दोन बरोबर येऊ देत तिची. तिसऱ्याला अडवा. अगदीच काही येत नाही असं वाटायला नको पोरीला."

"आणि सर?"

"सर काही बोलले नाहीत. नंतर हो म्हणाले."

मी विचारलं, "पण का? नाही म्हणायचं होतं तर सरळ नाही म्हणायचं." आई म्हणाली, "सरळ नाही म्हणाले असते तर तू भांडली असतीस. तू भांडखोर आहेस. आणि श्रीकांतचं बघ ना. तो तिकडे नापास झाला, उद्या तू पास होणार, डॉक्टर होणार. घरात मुलगी डॉक्टर आणि मुलगा कारकून, त्याने मान कशी वर करायची? त्यांना ते बघवलं नसतं." आणखी एक चिकवडी घालून म्हणाली, "मलाही नसतं बघवलं, उषे. खरं सांगते."

मी काठी टाकली आणि खाली आले. कावळ्यांनी चिकवड्या नेल्या असतील तर नेऊ देत.

मी किती जणांकडून फसले हे मोजायला मला तेव्हा सुई लागली नाही. सरांना उत्तर ठाऊक होतं, दादाला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. बाबांना तेवढं ठाऊक नव्हतं. त्यांना निकाल ठाऊक होता. आणि मला राग कुणाचा सगळ्यांत जास्त आला, तर तो बाबांचाच. सर गरजू होते. दादा भित्रा होता, आजही आहे. आई बाबांपुढे कधी बोललीच नव्हती, ती त्या दिवशी कुठून बोलणार? पण बाबांनी मला न्याय दाखवून लुबाडलं. त्यांनी नाही म्हणून मला डांबून ठेवलं असतं तर मी त्यांचा द्वेष केला असता आणि मोकळी झाले असते. त्याऐवजी त्यांनी मला चांगला प्रयत्न होता म्हणून शाबासकी दिली. पुढे सायकलीच्या साखळीचीही मला शंका यायला लागली. ती तरी मी खरोखर बसवली होती का? की तेव्हाही कुणाला काही सांगून ठेवलं होतं? माझं सगळं बालपण असं मागे जाऊन खराब झालं, आणि ते मी कुणाला माफ केलेलं नाही. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. मला लागू पडलं नाही.

दहावीचा निकाल चांगला लागला. मी कॉमर्सचा फॉर्म भरला. पुस्तकं दादाचीच वापरली, कोरी करकरीत होती. वानखडे सरांना ती जागा मिळाली आणि त्यांनी खानावळ बदलली. पुष्कळ वर्षांनी ते एकदा बँकेत माझ्या काउंटरला आले, केस पांढरे, चष्म्याची काडी सोन्याच्या रंगाची. म्हणाले, "ओळखलंस का उषा?" मी म्हटलं, "सही जुळत नाहीये. पुन्हा करा." सही जुळत होती. त्यांनी पुन्हा केली, पैसे घेतले आणि जरा वेळ उभे राहिले. मी "पुढचे कोण?" म्हटलं.

हे प्रकरण मी इथेच संपवणार होते. पण गेल्या वर्षी दादाच्या नातीला, ईशाला, मेडिकलला प्रवेश मिळाला आणि आम्ही सगळे दादाच्या कोथरूडच्या घरी जमलो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा आहेत, नव्वदी उलटली आहे, दात नाहीत पण जीभ शाबूत आहे. पेढे वाटायचं काम माझ्याकडे आलं. ईशा पणजोबांच्या पाया पडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छान केलंस. ही उषाआजीसुद्धा झाली असती हो डॉक्टर. थोडक्यात गेलं तिचं. गांडुळाने घात केला." सगळे हसले. ईशा म्हणाली, "म्हणजे? काय झालं होतं, आजी?"

मी म्हटलं, "काही नाही. पट्टा चौदा ते सोळा, असं मी बरोबर सांगितलं होतं."

"छे छे," बाबा म्हणाले. "चौदा ते सोळा हे वानखडे म्हणाले. तू पंधरा ते सतरा म्हणालीस. पुढचा तो ओठ का काय, तो धरलास तू. मला लख्ख आठवतंय. मला इतकं वाईट वाटलं होतं तेव्हा, पण नियम म्हणजे नियम." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. जिन्यातलं ते बोलणं त्यांच्या डोक्यातून केव्हाच पुसलं गेलं होतं आणि त्या जागी एक न्यायी बाप आणि एक थोडक्यात चुकलेली मुलगी बसली होती. त्यांच्यापाशी आता कबूल करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्या खोलीत ती सकाळ पाहिलेला अजून एक माणूस होता. मी म्हटलं, "दादा, तू सांग."

दादाने ईशाकडे पाहिलं, मग बाबांकडे. "बाबा म्हणतायत तसंच असेल गं," तो म्हणाला. "आता इतक्या वर्षांनी कशाला ते?"

मी हातातला पेढ्यांचा खोका खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी पास झाले होते."

ईशा माझ्याकडे बघत राहिली.

"कोण म्हणतं?" बाबांनी विचारलं.

"मी म्हणते."

"परीक्षार्थीने म्हणून चालत नाही, उषे," बाबा म्हणाले आणि पेढ्यासाठी हात पुढे केला.

मी खोका दादाच्या हातात दिला, पर्स उचलली आणि दाराशी जाऊन चपला घातल्या.